बाबांच्या खोलीचे पडदे

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी घरात पडद्यांवरून वाद झाला. तो नेहमीच्याच पद्धतीने झाला, म्हणजे बाबा आणि छकू असे दोन पक्ष होते आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याशी एक शब्द बोललं नाही. बाबा बेडरूममध्ये पलंगावर पेपर वाचत होते, छकू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा पीत होती, आणि मधल्या पॅसेजमधून आई ये-जा करत होती. कोणाच्या तरी डोक्यात खूळ शिरलं म्हणून घरातल्या धडधाकट वस्तू बदलायच्या नसतात, असं बाबांनी आईला सुनावलं. आईने ते स्वयंपाकघरात आणलं ते असं की बाबा म्हणतायत, विचार करू. छकू म्हणाली, त्या पडद्यांतून आता आरपार दिसतं, बाबा पेपरचं कुठलं पान वाचतायत हे समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही कळत असेल. आईने ते बेडरूममध्ये नेलं ते असं की पोरीला तुमच्या डोळ्यांची काळजी वाटते. बाबा पेपरचं पान उलटून म्हणाले, करा बुवा काय करायचं ते. आईने स्वयंपाकघरात येऊन ठराव एकमताने मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

ही पद्धत छकूला बोलता यायला लागल्यापासूनची होती. त्यात भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. उलट बापलेकीला एकमेकांचं मन इतकं जपायचं असे, की थेट बोलून नसता धोका कोण पत्करणार, असा मामला होता. शाळेची सहल, कॉलेजातला विषय, नोकरी, चष्म्याची फ्रेम, सगळं याच मार्गाने मंजूर झालं होतं. छकू आता एका कॉलेजच्या ग्रंथालयाची प्रमुख होती. आवाज न चढवता अख्खा वाचनकक्ष गप्प करण्याबद्दल तिची ख्याती होती. पण बाबांना आणखी भात हवा का, हे विचारायचं झालं तर ती आईकडे बघत असे.

त्याच दुपारी आईने स्टुलावर चढून पडदे उतरवले आणि पाण्यात भिजत घातले. ते पाण्यातच विरले. मग तिने ते वाळवून, फाडून त्यांची फडकी केली, कारण दोलायमान परिस्थिती तिला खपत नसे. "उद्या जाऊ नवे बघायला," ती म्हणाली, आणि हे मात्र तिने पॅसेजमध्ये उभं राहून दोन्ही पक्षांना एकाच वेळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही, असं मरण नशिबात असावं लागतं, असं येणाऱ्या प्रत्येकाने सांगितलं. बाबांनी प्रत्येकापुढे मान हलवली. छकूने प्रत्येकाला चहा दिला आणि आम्ही ठीक आहोत असं कळवलं. तिने आयुष्यभर वाचलेल्या कादंबऱ्यांमध्ये माणसं अशा वेळी भिंतीला धरून खाली बसत. तिला मात्र कपबशा पुरतील की नाही याचीच चिंता लागून राहिली होती. ती चिंता तिने हातची सोडली नाही, कारण दुसरं धरण्यासारखं काही जवळपास दिसत नव्हतं.

येणारेजाणारे थांबले आणि घर एकदम मोठं झालं. बाबा हॉलमधल्या खुर्चीत झोपू लागले. झोपू लागले असं ते कबूल करत नसत. "जरा टेकतो," असं ते पंख्याकडे बघून म्हणत आणि सकाळपर्यंत टेकलेले असत. काही आठवड्यांत त्यांची मान डावीकडे कलली ती सरळ होईना. ते पेपर तिरका धरून वाचू लागले, आणि जिन्यात भेटणाऱ्या लोकांना वाटू लागलं की हे आपलं बोलणं फारच लक्ष देऊन ऐकतायत. डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, पाय दाबून पाहिले, आणि पलंगावर आडवं होऊन झोपायचं असं बजावलं. रोज असे पाय खाली सोडून रात्र काढलीत तर सूज चढेल, आणि तुमच्या वयात सूज पायापाशीच थांबत नाही, असंही ते म्हणाले. बाबांनी मान हलवली. ती आता एकाच दिशेला हलत असल्यामुळे होकार की नकार ते कळलं नाही.

तुम्ही तुमच्या खोलीत का झोपत नाही, एवढंच छकूला विचारायचं होतं. कॉलेजला जाताना ती हा प्रश्न मनात घोळवत असे, आणि तो चांगला प्रश्न होता. पण घरात शिरल्यावर तो कोणाच्या हाती द्यावा हे तिला कळेना. तेव्हा तिने प्रश्न बाजूला ठेवला आणि पुराव्यांवरून उत्तर काढलं. बेडरूमची खिडकी उघडी बोडकी होती. सकाळचं ऊन थेट उशीवर येत होतं. समोरच्या इमारतीतला एक माणूस दात घासता घासता त्यांच्या पलंगाकडे बघत असे. म्हणजे पडदा हवा. पडदा आला की बाबा पलंगावर येतील, मान सरळ होईल, सूज उतरेल. इतकं सरळ उत्तर तिला बऱ्याच दिवसांत कशाचंच मिळालं नव्हतं.

अडचण आली की आधी संदर्भग्रंथ, असा छकूचा स्वभाव. ग्रंथालयात गृहसजावटीच्या मासिकांचे जुने बांधीव खंड होते, ज्यांच्या आडोशाला आजवर फक्त भूगोलाचे एक प्राध्यापक डुलकी काढत. ते तिने स्वतःच्या नावावर घेऊन घरी आणले. पहिल्याच खंडात लिहिलं होतं की खिडकी हा खोलीचा डोळा असतो आणि पडदा ही त्याची पापणी. छकूने हे दोनदा वाचलं. म्हणजे आई गेल्यापासून त्या खोलीला डोळा मिटता आलेला नव्हता. मासिकाला इतकं काही म्हणायचं नसावं. पुढे लिहिलं होतं की बेडरूममध्ये तीनच रंग असावेत, पलंग दाराच्या रेषेत नसावा, आणि बाथरूम ही आंघोळीची नव्हे तर स्वतःला भेटण्याची जागा असते. त्यांच्या बाथरूममध्ये बादली, मग, गिझर आणि दारामागे एक खिळा एवढं होतं. तिथे स्वतःला भेटायचं तर आधी बादली बाहेर काढावी लागली असती. पलंगावरच्या उशांची संख्या विषम असावी, असाही एक सल्ला होता. पलंगावर दोन उशा होत्या. विषम करायच्या तर एक वाढवायची की एक काढायची, यावर मासिक गप्प होतं. छकूने पान उलटलं.

समोरच्या दारातल्या काकू बहुधा त्या खंडांच्या वासानेच आल्या. काकूंच्या घरात त्यांच्या यजमानांनी लग्नापासून एक खिळा हलू दिलेला नव्हता, त्यामुळे काकूंची सजावटीची सगळी हौस इमारतीतल्या इतर घरांवर भागत असे. त्यांनी बेडरूममध्ये उभं राहून सावकाश एक गिरकी घेतली, खिडकीपाशी थांबून हळहळल्या, आणि बाबांना काय हवंय असं छकूला विचारलं. छकूला ठाऊक नव्हतं. मग विचार की, काकू म्हणाल्या. छकूचा चेहरा बघून त्यांना सगळं समजलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"थांब. मीच विचारून येते."

रिकामी जागा अशी जाहिरातीशिवाय भरली गेली. काकूंचं मन सोन्यासारखं होतं, पण आईच्या आणि त्यांच्या कामाच्या पद्धतीत मूलभूत फरक होता. आई निरोपातलं काढून टाकत असे, काकू भर घालत. त्या हॉलमध्ये गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या की भाऊंना अंधार हवाय, अगदी गच्च अंधार, तसं ते बोलले नाहीत पण माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं. मग जाता जाता त्यांनी बाबांनाही मोफत माहिती दिली की पोरीला त्या खोलीत पाऊल टाकवत नाही, जरा खोली पालटली की येऊन बसेल बिचारी. हे छकूला त्या वेळी माहीत नव्हतं.

पडदेवाले मोजमाप घ्यायला आले. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि आजाऱ्याला तपासावं तसं खिडकीकडे बघणं. कधीपासून अशी उघडी आहे, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. छकूने जाडजूड, अस्तर लावलेला, एक किरणही आत येणार नाही असा पडदा सांगितला. पडदेवाले निघाले तसे बाबांनी चपला घातल्या आणि पाय मोकळे करून येतो असं चपलांच्या स्टँडला सांगून बाहेर पडले. छकूला बरं वाटलं. किती दिवसांनी ते आपणहून बाहेर निघाले होते. प्रत्यक्षात त्यांनी पडदेवाल्यांना फाटकापाशी गाठलं. मुलीला उजेड लागतो, लहानपणी त्याच खिडकीत बसून वाचायची, तेव्हा पडदा पातळ करा, पांढरा करा, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका. पडदेवाल्यांनी पुष्कळ संसार आतून पाहिलेले होते. एका घरातली दोन माणसं दोन गोष्टी सांगतात तेव्हा प्रश्न विचारायचा नसतो, दुहेरी रॉड लावायचा असतो, एवढं त्यांना धंद्याने शिकवलं होतं.

दुहेरी रॉडला ब्रॅकेट जड लागतात आणि जड ब्रॅकेटला भिंतीत खोल भोक लागतं. त्या रविवारी पडदेवाले स्टुलावर ड्रिल घेऊन उभे होते, छकू स्टूल धरून उभी होती, काकू कापडावरून हात फिरवत पलंगावर बसल्या होत्या, आणि बाबा दारात तिरके उभे होते. खिडकीच्या डाव्या अंगाला भिंतीतून बाथरूमच्या गिझरची लाइन गेलेली होती. घर बांधून होत होतं तेव्हा बाबा गवंड्याच्या डोक्यावर उभे राहिलेले होते, त्यामुळे हे फक्त त्यांना माहीत होतं. त्यांनी ते सांगितलंही. काकूंजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले की त्यांना म्हणावं डावीकडे भोक पाडू नका, आत पाइप आहे. काकूंनी कापडावरची नजर न काढता त्याचा सारांश केला.

"जपून करा म्हणतायत."

मी जपूनच करतो, पडदेवाले म्हणाले, आणि त्यांनी डावीकडे भोक पाडलं.

पाणी भिंतीतून सरळ आडवं आलं आणि खोली ओलांडून बाबांच्या चष्म्यावर आदळलं. बाबा जागचे हलले नाहीत. तिथे पाइप आहे, असं त्यांनी काकूंना पुन्हा एकदा सांगितलं. छकू त्यांच्यापासून हातभर अंतरावर, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली उभी होती आणि सगळं ऐकत होती. तिला वाटलं, आपण काहीतरी म्हणायला हवं. पण त्या वेळी म्हणण्यापेक्षा भोकात अंगठा घालणं अधिक गरजेचं होतं.

पाण्याचा मुख्य कॉक गच्चीवर, गच्चीची किल्ली सचिवांकडे, आणि इमारतीचे सचिव बरोबर खालच्या मजल्यावर. हे सचिव निवृत्त अधिकारी होते. कुठल्या खात्याचे ते कोणाला नक्की ठाऊक नव्हतं, पण आपण निवृत्त झालो आहोत हे त्यांना स्वतःला पटलेलं नव्हतं. किल्ली सापडेपर्यंत त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल फुटली. त्यांनी रहिवासी या नात्याने सचिवांकडे तक्रार लिहिली, सचिव या नात्याने ती दाखल करून घेतली, आणि संध्याकाळी वर येऊन छकूला गंभीरपणे सांगितलं की तुमच्याविरुद्ध एक तक्रार आली आहे, तक्रारदाराचं नाव सांगता येणार नाही. पाइप बदलायला बाथरूमची भिंत फोडावी लागणार होती आणि भिंत फोडायला खालच्या रहिवाशाची हरकत नसावी असा नियम होता. खालच्या रहिवाशाची हरकत होती. सचिव म्हणून त्यांना छकूबद्दल सहानुभूती वाटत होती. तुम्हीच मिटवून टाका ना, असं छकू म्हणाली तेव्हा त्यांनी विचार करून सांगितलं, "बोलून बघतो त्यांच्याशी. पण माणूस जरा हट्टी आहे."

हे दोन गृहस्थ एकमेकांशी वाटाघाटी करत होते तोवर घरातलं बाथरूम कोरडं पडलं. आंघोळीला समोर, काकूंकडे जावं लागे. रोज सकाळी बाबा खांद्यावर टॉवेल टाकून, हातात साबणाची डबी घेऊन, मान डावीकडे कललेली अशा अवस्थेत जिन्याचा चौक ओलांडत, आणि ऑफिसला निघालेले लोक अदबीने थांबून त्यांना वाट देत. बाबा आयुष्यात कधी कोणासमोर बिनइस्त्रीच्या शर्टात गेले नव्हते. छकूला ते बघवत नसे, म्हणून ती स्वतः समोर न जाता कॉलेजच्या स्टाफरूमजवळच्या बेसिनमध्ये केस धुऊ लागली. एकदा तिच्या डोक्यावर फेस असताना उपप्राचार्य बाई आल्या. दोघींनी पुस्तकांच्या खरेदीविषयी थोडी चर्चा केली आणि फेसाचा विषय कोणीच काढला नाही. असंही एक सौजन्य असतं, आणि छकूला ते फार ओळखीचं वाटलं.

शेवटी खालचा रहिवासी विरघळला आणि प्लंबरने भिंत फोडली. आतून काढलेला गंजका तुकडा त्याने आळीपाळीने सगळ्यांना हातात घेऊन बघायला लावला. सगळी लाइनच गेली होती. लाइन काढली तेव्हा निम्म्या टाइल्स गेल्या, आणि उरलेल्या निम्म्यांसारख्या टाइल्स आता कोणी बनवत नव्हतं. म्हणजे सगळं बाथरूम नव्याने करायचं. छकू काकूंबरोबर टाइल्सच्या दुकानात गेली. तिला साधा पांढरा रंग हवा होता, पण तिने काकूंना विचारलं की बाबांना काय आवडेल. काकू एक नमुना घेऊन बाबांकडे गेल्या. बाबांना साधा पांढरा हवा होता, पण त्यांनी काकूंना विचारलं की छकूला काय आवडलंय. यथावकाश बाथरूमच्या चारही भिंतींवर, कमरेच्या उंचीला, निळ्या लाटांमधून उड्या मारणारे डॉल्फिन आले. ते सगळे हसत होते. काकू दर दोन दिवसांनी येऊन त्यांच्याकडे डोळे भरून बघत आणि म्हणत, आमच्या ह्यांना सांगून सांगून थकले मी.

भिंत ओली झाली म्हणून बेडरूमला रंग द्यावा लागला. तो मासिकातल्या सल्ल्याप्रमाणे धुक्यासारखा करडा होता. पलंग दाराच्या रेषेतून काढून खिडकीशी लावला. नव्या प्लास्टरवर दुहेरी रॉड चढला, त्यावर बाहेरून जाड आणि आतून पातळ असे दोन पडदे आले. दोन का, असं छकूने विचारलं तेव्हा पडदेवाले म्हणाले, हल्ली असंच असतं. एका शनिवारी सगळं संपलं. काकूंनी आजूबाजूची माणसं जमवली. सचिव दोन्ही नात्यांनी येऊन गेले. खोली खरोखर मासिकातल्यासारखी दिसत होती, म्हणजे तिथे कोणी राहत असेल असं वाटत नव्हतं. बाबा मध्यभागी उभे राहिले, भिंतीला बोट लावून पाहिलं आणि छान झालंय असं प्लंबरला म्हणाले. छकू स्वयंपाकघरात गेली आणि बऱ्याच दिवसांनी तिने पूर्ण कप चहा बसून प्यायला.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर बाबांनी चादर काखेत घेतली, पंख्याकडे बघितलं, जरा टेकतो म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

छकू पॅसेजमध्ये उभी राहिली. इतके दिवस तिने सिमेंटची धूळ खाल्ली होती, हसणाऱ्या डॉल्फिनच्या देखत दात घासले होते, सचिवांची सचिवांशी समजूत घातली होती. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो कोणावर काढायचा हेही कळेना, कारण हॉलमध्ये खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय घोट्यापाशी सुजलेले होते आणि ते त्याने तिला दिसू नयेत म्हणून चादरीखाली ओढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी काकू बहिणीकडे गेल्या. दुपारी छकू आपल्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती, वाचत नव्हती. एकदम काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला, लोखंडाचा आणि कापडाचा मिळून. ती धावली. बेडरूमच्या ताज्या भिंतीतून ब्रॅकेट उपटून आलं होतं, रॉड आडवा लोंबत होता, खिडकी पुन्हा पहिल्यासारखी उघडी पडली होती. आणि पलंगावर, जाड पडद्याच्या ढिगाऱ्याखाली, बसलेल्या माणसाच्या आकाराचं काहीतरी होतं.

मग आतून बाबांचा आवाज आला.

"तिला म्हणावं, मला लागलेलं नाही."

खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. ते वाक्य बाहेर पडलं आणि तसंच लोंबकळत राहिलं. कापडाच्या आत श्वास थांबल्यासारखा झाला. आपण काय बोललो ते बाबांना कळलं होतं.

"मीच आहे, बाबा," छकू म्हणाली.

"हो. माहीत आहे."

ती पडदा उचलायला वाकली तर आतून त्यांनी तो घट्ट धरला. राहू दे, म्हणाले, बरं वाटतंय. छकू उभी राहिली. मग पलंगाच्या दुसऱ्या बाजूला टेकून बसली. समोर चेहरा नव्हता, नुसतं कापड होतं, आणि कापडाशी बोलणं तिला एकदम सोपं वाटलं. पडदा ओढत कशाला होतात, तिने विचारलं. बाबा म्हणाले की तू एवढा खटाटोप केलास तर म्हटलं एकदा झोपून बघावं, तुझ्या समाधानासाठी.

"पण अंधार तुम्हाला हवा होता ना?"

"मला? मी तर तुझ्यासाठी उजेडाचा पडदा सांगितला होता."

दोघांच्याही डोक्यात हिशेब चाललेला असावा. मग कापडाच्या आतून सावधपणे प्रश्न आला.

"आणि ते मासे?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडले."

"मला वाटलं, तुला."

कापड हलायला लागलं. आधी जरासं, मग गदगदा. छकूलाही हसू आलं, आणि ते आवरेना. आई गेल्यापासून त्या घरात कोणी असं हसलं नव्हतं. बऱ्याच वेळाने ती डोळे पुसत थांबली. कापड मात्र अजून हलत होतं, आणि ते आता हसण्याने हलत नव्हतं हे तिला ओळखू आलं. तिने हात पुढे केला, पण कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून जिथे खांदा असावा असं वाटलं तिथे ठेवला.

"त्या रात्री मला फार छान झोप लागली होती," बाबा म्हणाले. "कधी नव्हे इतकी. ती इथेच होती, शेजारी. मला काही कळलं नाही. सकाळी उठून मी तिला म्हटलं, आज किती दिवसांनी एवढी गाढ झोप लागली बघ." त्यांनी कापड आणखी घट्ट ओढून घेतलं. "या पलंगावर मला झोप लागते गं. पडलो की लागते. म्हणून नको वाटतो."

तुम्हाला कसं कळणार होतं, तुमची काय चूक, तिला काही त्रास झाला नाही. अशी वाक्यं छकूकडे पुष्कळ होती. लोकांनी दिलेली होती, पुस्तकांतली होती, काही तर तिने स्वतः कपबशा मांडताना घडवून ठेवली होती. त्यातलं एकही तिने उचललं नाही. इतके दिवस ती खिडकीला काय लावावं ते शोधत होती आणि हा माणूस झोपेच्या भीतीने खुर्चीत ताठ बसून पहाट करत होता.

"तुम्ही पडा," ती म्हणाली. "मी जागी आहे. मी इथेच बसते."

मग कापडाचा ढीग हळूहळू कलला, लांब झाला, आणि त्याच्या टोकाशी सुजलेली पावलं बाहेर आली. छकूने ती उचलून गादीवर नीट ठेवली. मग भिंतीला पाठ टेकवून ती आईच्या बाजूला बसली. खिडकीतला उजेड सरळ तिच्या तोंडावर येत होता. समोरच्या इमारतीतला माणूस आपल्या खिडकीत येऊन उभा राहिला, त्याने एक उघडी खिडकी, एक लोंबता रॉड, पलंगावर एक झाकलेला माणूस आणि शेजारी बसलेली एक बाई असा देखावा पाहिला, आणि संकोचून स्वतःचा पडदा ओढून घेतला.

आतला श्वास संथ झाला, पण पुरता संथ झाला नाही. बाबा वाट बघत असावेत. कशाची ते त्यांनाही ठाऊक नसावं. छकूला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. ते कोणाच्या हाती देऊन पाठवण्यासारखं नव्हतं.

"बाबा, झोपलात?"

"नाही."

"बाबा," छकू म्हणाली, "मला आई हवी आहे."